सिल्वेस्टरच्या रॅकेटचं तोंड

लालबाग,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप बुधाजीमामांस,

रामदासचा साष्टांग नमस्कार (या वेळी लिहूनच). इकडे सर्व ठीक आहे असं आधी लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरी परिस्थिती खाली येईल. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं वहिनींकडून (तुमच्या सूनबाईंकडून) कळलं. उजव्याचं लगेच करू नये असं माझं मत आहे. डॉक्टर दोन्ही डोळ्यांची घाई का करतो, हे आधी विचारावं. फोनच करणार होतो. पण तुमचा फोन वहिनी उचलतात, स्पीकरवर टाकतात, आणि मग पडवीत बसलेली माणसं मध्येच उत्तरं देतात. मागच्या खेपेला मी तुमची तब्येत विचारली तेव्हा "बरी असा" म्हणणारा आवाज तुमचा नव्हता. तो कोणाचा होता, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून पत्र. ते तुम्हीच वाचावं. डोळ्याला त्रास होत असेल तर दोन दिवस थांबावं, पण दुसऱ्याकडून वाचून घेऊ नये.

विषय सिल्वेस्टर कोलासोचा आहे. तुम्ही चाळीस वर्षं रे रोडच्या आपल्या क्लबात मार्कर होतात. गोदीतल्या साहेबांना खेळवलंत, त्यांच्या रॅकेटच्या तारा ओढून दिल्यात, आणि सकाळी सहाला कोर्ट रिकामं असे तेव्हा आम्हां दोघांना लाकडी रॅकेट देऊन टेनिस शिकवलंत. मला भाचा म्हणून शिकवलंत. सिल्वेस्टरला का, हे मी त्रेचाळीस वर्षांत विचारलेलं नाही. आता विचारावंसं वाटतं. असो. त्या त्रेचाळीसपैकी अठ्ठावीस वर्षं आम्ही डिसेंबरच्या डबल्समध्ये जोडीनं खेळतो. जोडीचं वय मिळून शंभर पाहिजे, हा नियम तुम्हांला माहीत आहे (तो तुमच्याच वेळी झाला, आणि साहेबांच्या सोयीसाठी झाला). पूर्वी आमचं वय कमी पडायचं म्हणून आम्ही दुसऱ्या गटात खेळायचो. आता मी एकसष्ट आणि तो साठ. वय उरतं. दरवर्षी नोव्हेंबरच्या दहा तारखेला ऑफिसच्या दाराशी फळा टांगतात, आणि त्याच दिवशी सकाळी सिल्वेस्टर खडूनं पहिली ओळ लिहितो: धुरी – कोलासो. माझं नाव आधी. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. या वर्षी दहा तारीख गेली. अकरा गेली. फळ्यावर पाच जोड्या आल्या. त्यांत आमची नाही. तीस तारखेला फळा उतरतो.

आता मागचं सांगतो, म्हणजे संशय आजचा नाही हे लक्षात येईल.

ऑगस्टमधली गोष्ट. माझे फोरहँड लांब जात होते. थोडे लांब नाहीत, कुंपणाबाहेर. कुंपणापलीकडे लाकडाची वखार आहे, तिचा वॉचमन चेंडू परत देतो, पण हल्ली देताना हसतो. एके दिवशी त्यानं चेंडू पिशवीत घालून आणून दिले. पिशवी कुठल्या मिठाईवाल्याची होती. हे मी अपमान म्हणून धरलं. सिल्वेस्टर जाळीपाशी उभा होता. तो मला म्हणाला, "अरे रामदास, रॅकेट मागे नेतोस तेव्हा तिचं तोंड बघ एकदा. सगळं वर आभाळाकडे. पाऊस झेलतोस काय?" मी म्हणालो, मामांनी असंच शिकवलंय. तो म्हणाला, "मामांनी लाकडाच्या रॅकेटला शिकवलं रे. ती वजनाला दगड होती. ही बघ, पापड आहे. मागे नेताना तोंड जमिनीकडे ठेव. पुढे येताना ते आपोआप उभं होतं. खालून वर घासत ने, चेंडू जाळीवरून जाईल आणि आतच पडेल."

मामा, त्रेचाळीस वर्षांत या माणसानं मला एकही सल्ला दिलेला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा दिला नाही. मी गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसातून मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा दिला नाही. चाळीची जागा बिल्डरला दिली तेव्हा दिला नाही, आणि तेव्हा गरज होती. मग याच ऑगस्टमध्ये, डिसेंबरच्या चार महिने आधी, तुमच्या शिकवणीच्या बरोबर उलट सल्ला त्याला कसा सुचला?

तरी मी सल्ला नाकारला नाही. तपासला. (ड्राफ्ट्समनला दुसरं काय येतं.) रॅकेटच्या टोकाला दोरा बांधून खाली नट लोंबता ठेवला, म्हणजे ओळंबा झाला, आणि घरातल्या आरशासमोर कोनमापक धरून मोजलं. तुमच्या पद्धतीनं माझं तोंड मागे वीस अंश आभाळाकडे होतं. मनगट वळवून ते तीस अंश जमिनीकडे आणलं. ओळंब्याचा नट सुभद्राच्या काचेच्या बरणीला लागला, बरणीत भाजणी होती, आणि त्यावर आम्हां नवराबायकोत जे बोलणं झालं त्याचा या विषयाशी संबंध नाही. तीस अंशांचा कोन हलू नये म्हणून मनगटाला क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं आणि कोर्टावर गेलो. पहिला चेंडू जाळीत. दुसरा जाळीत. एकूण अकरा चेंडू जाळीत, त्यांतला एक जाळीच्या खालून पलीकडे गेला. सिल्वेस्टर बघत राहिला आणि मग म्हणाला, "तू नटबोल्ट टाइट करतोस रे. मागे बंद म्हणजे पुढेपण बंद असं नसतं. हात सैल ठेव. ते दार आहे, वाऱ्यानं उघडतं." मी विचारलं, किती अंश उघडतं? तो हसला. बँडेज काढून चेंडू मारले तेव्हा चारांतले तीन आत पडले, हे मान्य करतो. पण सल्ला बरोबर निघाला म्हणून देणारा निर्दोष ठरत नाही. उलट चांगला सल्ला देणारा माणूस जास्त विचार करून देतो.

यानंतर मी नोंदी ठेवू लागलो. वहीत नाही, मनात. पहिली नोंद: सिल्वेस्टर स्वतः रॅकेट मागे नेताना तोंड आभाळाकडे ठेवतो. मला खाली, स्वतः वर. आणि पूर्वी तो तसं करत नव्हता. माझी मुलगी परळला एका टॉवरमध्ये नोकरी करते, तिला रविवारी सकाळी कुंपणाबाहेर उभं करून फोनवर त्याचं चित्रण करायला लावलं. (ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सिल्वेस्टर अंकलचा पाठलाग करताय." मी म्हणालो, निरीक्षण.) चित्र थांबवून थांबवून बघितलं. कोपर बरगडीला चिकटलेलं, रॅकेट खाली, तोंड वर. चेंडू कापल्यासारखा मारतो, तो तरंगत जातो. एकही चेंडू जोरात नाही. मला वाटलं, हा डाव आहे. खरा खेळ लपवून ठेवतोय. दुसरी नोंद: जाळीजवळ पडलेले, माझ्या वाट्याचे आखूड चेंडू तो पळत येऊन घेतो. मी निघायच्या आत तो पोचलेला असतो. अठ्ठावीस वर्षांत आमच्यात हद्द होती, ती त्यानं न विचारता पुसली. मी एकदा "माझा!" म्हणून ओरडलो. तो चेंडू मारून झाल्यावर म्हणाला, "माहीताय."

तिसरी नोंद वॉरनची. वॉरन हा बेट्टीच्या, म्हणजे सिल्वेस्टरच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. बँकेत आहे, उंच आहे, जाळीवर येऊन चेंडू खाली आपटतो आणि मग "सॉरी अंकल" म्हणतो. सप्टेंबरपासून सिल्वेस्टर त्याला मंगळवार-गुरुवारी सकाळी कोर्टावर आणतो. मंगळवार-गुरुवारी मी येत नाही, हे त्याला माहीत आहे. मला हे वखारीच्या वॉचमनकडून कळलं (म्हणजे तो माझ्यावर हसतो तरी माहिती देतो, का देतो, हाही प्रश्न आहे). वॉरनचं वय एक्केचाळीस. सिल्वेस्टरचं साठ. मिळून एकशे एक. मामा, हा आकडा मी लालबागच्या नाक्यावर उभा राहून काढला, आणि मिरची कांडपाच्या गिरणीतून आलेल्या ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. ठसक्यानंच. सुभद्रा घरी म्हणाली, "मग विचार ना त्याला सरळ. नवराबायकोसारखे अठ्ठावीस वर्षं खेळताय." मी म्हणालो, विचारलं की माणूस सावध होतो. ती म्हणाली, "सावध होऊ दे की. तो काय दरोडा घालतोय?" सुभद्राला टेनिस कळत नाही. तिला सिल्वेस्टर कळतो असं तिचं म्हणणं आहे.

फळा टांगल्यावर आठवडाभर मी वाट बघितली. सिल्वेस्टर फळ्याजवळून जाताना बुटाची नाडी बांधायला वाकायचा. रोज एकाच बुटाची. मग मंगळवारी, अठरा तारखेला, मी ठरवलं की त्याला घरी गाठायचं. माझगावचं त्याचं घर तुम्ही बघितलेलं आहे, तेच, आता पुढे दोन स्कूटर लागतात एवढाच फरक. सकाळी कोर्टावर वॉरन असणार म्हणून मी दुपारी गेलो. जाताना हातात काहीतरी पाहिजे, म्हणून त्याचा जुना चेंडूंचा डबा परत द्यायला घेतला (डबा माझाच होता). रे रोडला उतरलो. तिथल्या जिन्याला हल्ली पायऱ्या वाढवल्यात असा माझा अंदाज आहे. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून रात्रीतून वाढवल्या असाव्यात.

दार बेट्टीनं उघडलं. तिच्या हातात पुरुषाचा शर्ट होता आणि तोंडात दोन टाचण्या. "या, या, रामदासभाऊ," ती म्हणाली. "बरं झालं आलात. याला धरा जरा." मला वाटलं शर्ट धरायचा. पण आत खुर्चीवर सिल्वेस्टर बनियनवर बसला होता आणि त्याच्या उजव्या खांद्यावर शेकायची पिशवी होती. त्यानं मला बघितलं. उठला नाही. बेट्टी म्हणाली, "शर्टाच्या बाह्या उसवून मी बटणं लावते. हात वर जातच नाही तर घालणार कसा? दाढी डाव्या हातानं. केस मी विंचरते. आणि रविवारी म्हणे टेनिस! डॉक्टरनं खांदा धरलाय म्हणून सांगितलं जूनमध्ये. जूनमध्ये, भाऊ! तुम्हांला सांगायचं नाही म्हणून मला येशूची शपथ घातली याने."

"आता सांगितलंसच की," सिल्वेस्टर म्हणाला.

"मी शपथ घेतली नव्हती. तू घातली होतीस."

मी डबा टेबलावर ठेवला. मग त्याला म्हणालो, हात मागे घेऊन दाखव. त्यानं रॅकेटशिवाय नुसता हात मागे नेला. कोपर बरगडीपासून चार बोटं सुटलं आणि थांबलं. तळहात आभाळाकडे. मी ते बघत राहिलो. कोपर वर जात नाही तर रॅकेटचं तोंड खाली वळणार कसं? मुलीच्या चित्रणात जे मी डाव म्हणून धरलं होतं, ते एवढंच होतं. त्याला तोंड बंद करता येत नव्हतं. जे त्याला येत नव्हतं ते तो मला शिकवत होता.

मी विचारलं, वॉरनचं काय? तो म्हणाला, "वॉरन तुझ्यासाठी आहे." मला कळलं नाही. मग तो चिडला. "अरे बाबा, तुझी जोडी! तू एकसष्ट, तो एक्केचाळीस. बसतं की नाही शंभरात? पोरगा जाळीवरच उभा राहतो. मागून तुझा चेंडू उंच उडाला तर समोरचा तो त्याच्या नाकावर मारणार. म्हणून तुला बोललो ना, तोंड बंद ठेव, चेंडू खाली राहील. चार महिने ओरडतोय. तू ओळंबे लावत बसलास." मी म्हणालो, मग फळ्यावर का लिहिलं नाहीस, धुरी – परेरा? (परेरा हे वॉरनचं आडनाव.) बेट्टीनं शर्टाची दुसरी बाही उसवली. मग तो म्हणाला, "तीन वेळा खडू घेतला हातात. डावा हात आहे रे. अक्षर खराब येतं."

मी चहा घेतला. त्याला कप डाव्या हातात धरावा लागतो, आणि तो हँडलच्या उलट्या बाजूनं धरतो. निघताना तो म्हणाला, "वॉरनला सॉरी म्हणायची सवय आहे, ती तेवढी मोड." मी म्हणालो, बघू.

तर असं झालं. मामा, मला त्याच्या या वागण्यावर अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. माणूस दुसऱ्यासाठी तीन महिने गुपचूप जोडीदार तयार करतो, त्याला सल्ले देतो, स्वतःच्या बायकोला गप्प बसवायचा प्रयत्न करतो, आणि बदल्यात काही मागत नाही. गोदीच्या ऑफिसात असं काही दिसलं असतं तर आम्ही फाइल वर पाठवली असती. पण कुठे पाठवावी हे कळत नाही, म्हणून तुम्हांला लिहिलं. माझं काही मागणं नाही. फक्त तुम्हांला ठाऊक असावं. वहिनींना नमस्कार, आणि पडवीतल्या त्या आवाजालाही, तो ज्याचा असेल त्याचा. डोळा जपा. काजूला या वर्षी मोहोर लवकर आला असेल तर त्याचंही कारण शोधून ठेवा.

तुमचा भाचा,
रामदास

ता. क. – एक छोटं मागणं आहे. बुधवारी सकाळी मी फळ्यावर लिहून आलो: कोलासो – धुरी. त्याचं नाव आधी, कारण आता तोच जाळीवर उभा राहणार. तिथे रॅकेट मागे न्यावीच लागत नाही, नुसती पुढे धरायची, तेवढं त्याला डावा हात आधाराला घेऊन येतं. मी मागे. तोंड बंद ठेवून. सिल्वेस्टर चिडेल म्हणून क्लबात सर्वांसमोर सांगून टाकलं की मामांची आज्ञा पत्रानं आलेली आहे. त्याला दुसऱ्या कोणाचं पटत नाही. तेव्हा कृपा करून तसं पत्र लिहावं आणि त्यावर तारीख पाच नोव्हेंबर घालावी. अक्षर थरथरतं आलं तर उत्तम. डोळ्याच्या ऑपरेशनचा उल्लेख करू नये, कारण ते बारा तारखेला झालं.

ता. क. दुसरं – वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं, ते फोडून लिहितो. काल सिल्वेस्टर फळ्यापाशी भेटला. म्हणाला, मामांचं पत्र त्यालाही आलेलं आहे. त्यात लिहिलंय की रामदासनं तरण्या जोडीदाराबरोबर खेळावं, म्हणजे त्याला आखूड चेंडूंमागे पळावं लागणार नाही. तारीख दोन नोव्हेंबर. पत्र दाखव म्हटलं तर बेट्टीनं कुठे ठेवलंय ते सापडत नाही म्हणाला. मामा, असं पत्र तुम्ही लिहिलेलं नसेल, तर हा माणूस तुमच्या नावानं खोटं सांगतो, हे मी तुमच्या नजरेस आणतो. आणि लिहिलं असेल, तर माझ्या गुडघ्याचं तुम्हांला कोणी कळवलं?